शालेय हिंसाचाराची कारणे : रग्बी व एर्फुर्ट

शाळेत हिंसाचार घडला म्हणजे त्याचे खापर बहुधा तरुण पिढीच्या स्वैराचारावर फोडले जाते. इतिहासाचा पुरावा पाहता ही उपपत्ती अपुरी ठरते. इंग्लंडमधील ज्या निवासी विद्यालयांची शिस्त पुढे आदर्श म्हणून गौरविली गेली, त्यांतच अठराव्या शतकाच्या अखेरीस उघड बंडे झाली. १७९३ मध्ये विंचेस्टर येथे मनाई मोडून एक विद्यार्थी लष्करी वाद्यवृंद ऐकावयास गेला; शिक्षा मात्र साऱ्या विद्यालयास झाली, आणि बंड उसळले.

रग्बीचा १७९७ चा प्रसंग अधिक बोलका आहे. मुख्याध्यापक हेन्री इंगल्स यांना एक विद्यार्थी पिस्तुलाचे बार काढताना आढळला. दारू गावातील वाण्याकडून घेतल्याचे त्याने सांगितले. परंतु वाण्याने वहीत तिची नोंद चहा म्हणून केली होती, व त्याने साफ कानांवर हात ठेवले. खोटे बोलल्याबद्दल मुलास फटके बसले. सोबत्यांनी वाण्याच्या खिडक्या फोडल्या, तेव्हा भरपाई वरच्या वर्गांवर लादण्यात आली. यावर मुलांनी मुख्याध्यापकांच्या खोलीचे दारच सुरुंगाने उडविले आणि बाके व पुस्तके जाळली. अखेर सैनिक बोलवावे लागले. दाद मागण्यास जागा नव्हती, हे या बंडाचे खरे मूळ होय.

दोन शतकांनंतर जर्मनीत एर्फुर्ट येथे घडलेले कृत्य याच्याशी तोलता येणार नाही. २६ एप्रिल २००२ रोजी गुटेनबर्ग जिम्नॅशियम या माध्यमिक विद्यालयाच्या एकोणीस वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने सोळा जणांचा बळी घेऊन आत्महत्या केली. मृतांत बहुसंख्य शिक्षक होते. या क्रौर्याचे समर्थन संभवत नाही. तथापि त्यास वैद्यकीय दाखला बनावट दिल्यावरून आदल्या वर्षी काढून टाकण्यात आले होते, आणि थुरिंगिया राज्याच्या तत्कालीन नियमांनुसार अंतिम परीक्षेपूर्वी जिम्नॅशियम सोडणाऱ्यास खालच्या पातळीचेही प्रमाणपत्र आपोआप मिळत नसे. दहा-बारा वर्षांचे शिक्षण एका निर्णयाने शून्यवत् झाले. त्यात नेमबाजी मंडळाच्या सभासदत्वामुळे शस्त्रे त्याच्यापाशी कायदेशीर मार्गाने आली होती.

पुढे थुरिंगियाने दहावीच्या पातळीवर परीक्षा सुरू केली. नव्या शस्त्रकायद्याने क्रीडा-नेमबाजांची वयोमर्यादा अठरावरून एकवीसवर नेली, आणि पंचविशीच्या आतील अर्जदारांस मानसिक तपासणी आवश्यक केली. २००९ मध्ये विनेंडेन येथे पंधरा जणांचे प्राण घेणारे पिस्तूल मात्र मारेकऱ्याच्या वडिलांचे, रीतसर परवान्याचे होते. ते निजावयाच्या खोलीत कुलपाविना ठेवलेले होते.