दगडाबरोबरची चिठ्ठी

आमच्या पनवेल तालुक्यातल्या दगडखाणींत सुरुंग उडाला की कधी कधी काळ्या पाषाणातली पोकळी उघडी पडते आणि आतल्या स्फटिकांना पहिल्यांदा ऊन लागतं. या पोकळ्या म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले वायूचे बुडबुडे. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि झिओलाइट खनिजांचे स्फटिक घडले.

1830 साली पुण्याच्या वाटेवरच्या बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईचा वाटसरू होडीनं पनवेल बंदरात उतरून घाट चढू लागला. घाटाचं पोट मात्र रेल्वेनं उघडलं. 1856 ते 1863 या काळात, अभियंते जेम्स बर्कली यांच्या आराखड्यावर, बोगदे खणले गेले. पटकीनं आणि अपघातांनी हजारो मजूर गेले. तिथले स्फटिक लंडनच्या संग्रहालयात पोहोचले. नमुन्याच्या चिठ्ठीवर संग्राहकाचं नाव असतं, पहार मारणाऱ्याचं नसतं. भूशास्त्र शिकवताना मला हे कायम टोचत आलं.

आजही घरी कुणी ओळखून घ्यायला दगड घेऊन येतं. आम्लाच्या थेंबानं फसफसला तर कॅल्साइट. स्टिल्बाइट भाताच्या पेंढीसारखा मधे आवळलेला. अ‍ॅपोफिलाइट आडवा सपाट फुटतो आणि त्या फुटीवर मोत्याची झाक असते. लॉमोंटाइट हवेत पाणी गमावून भुगा होतो, त्याला पैसे मोजू नयेत.

खरा कस लागतो तो गर्द निळा कॅव्हन्साइट पारखताना. 1973 साली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन झालं, पण जगातले उत्तम तुकडे पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले. त्याचा जुळा भाऊ पेंटागोनाइट. रासायनिक घडण तीच, पण स्फटिकांची रचना वेगळी. शिवाय जास्त दुर्मीळ, म्हणून महाग. निळा गोळा दिसला की मी आधी भिंगानं बूड तपासतो. पांढऱ्या स्टिल्बाइटवर डिंकानं चिकटवलेले गोळेही विकले जातात, आणि डिंकाची चकाकी सांध्याशी दिसते.

टोकं शाबूत, रंग गडद, मूळ खडकावरच बसलेला, एवढं जमलं की किंमत चढते. तरी ‘महाराष्ट्र’ एवढंच लिहिलेला सुंदर तुकडा माझ्या लेखी निम्म्या मोलाचा. खाणीचं नाव, खोली, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर हवंच. आमच्या जवळच नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली. तिथला एखादा नमुना असा नोंदून कुणी जपला असेल, तर मला तो पाहायचा आहे.