उवेची चिठ्ठी

श्रोतेहो, आपल्या यवतमाळच्या साळुंकीच्या अंगावरही ऊ असते; ती पिसे कुरतडून जगते. अशा उवेची नवी जात ठरवायची तर नमुन्यासोबत चिठ्ठी हवी: कोणता पक्षी, कोणते गाव, कोणता दिवस. उवेचे गाव तेच, जे पक्ष्याचे. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी थेरेसा क्ले या विदुषींसह या उवांच्या कित्येक नव्या जाती वर्णिल्या. पण पक्ष्यांच्या चिठ्ठ्यांत हा गृहस्थ लबाड निघाला! डेव्हिडसनने १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला रानपिंगळा त्याने ब्रिटिश संग्रहालयातून चोरला आणि वर ‘गुजरात, १९१४’ असे लिहिले. पामेला रासमुसेन यांनी ही चोरी उघडकीस आणली, जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला. तोवर नामशेष मानलेला हा पक्षी २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ जिवंत दिसला.