पानाचं वजन
नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यातल्या आम्हा डीटीपीवाल्यांकडे गिऱ्हाइकं व्हिजिटिंग कार्डाबरोबर ‘वेबसाइट’पण मागू लागली. कोरल आणि पेजमेकर येत होतं, नोटपॅडमध्ये एचटीएमएल शिकून घेतलं. पानं लिहायची, एफटीपीने चढवायची, झालं. स्टॅटिक साइट ती हीच: तयार फायली, सर्व्हरने नुसत्या उचलून द्यायच्या.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१मध्ये सर्नमधून जे वेब जगाला खुलं केलं, त्यातली पानं म्हणजे मजकूर आणि दुवे. मजकुरातच चित्र दाखवायचा टॅग १९९३मध्ये मोझेइक ब्राउझरबरोबर रुळला, आणि पानांनी बाळसं धरलं ते तिथून. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट लोकांसाठी सुरू केलं, तेही टेलिफोनच्या तारेवरून. पुढे २८.८ किलोबिटचा मोडेम आला, तरी तो सेकंदाला फार तर साडेतीन केबी ओढायचा. शंभर केबीचा फोटो म्हणजे अर्धा मिनिट, आणि फोनचं मीटर चालूच.

म्हणून आम्ही केबी मोजायचो. मराठी मथळ्यात तर सगळा कस लागे. वाचणाऱ्याकडे आपला फॉन्ट असेलच असं नाही, त्यामुळे मथळा चित्र म्हणूनच टाकायचा. जिफमध्ये २५६ रंग ठेवता येतात, पण एका रंगातल्या अक्षरांना कडांसकट आठ पुरतात. त्यातही गंमत अशी, की जिफ चित्राला ओळीओळीने, डावीकडून उजवीकडे दाबतं. रंगाची छटा वरून खाली उतरवली तर प्रत्येक ओळ एकरंगी, फाइल हलकी. तीच छटा आडवी फिरवली की फाइल फुगली. गिऱ्हाइकाला हे सांगण्यात अर्थ नसे; आम्ही छटा गुपचूप उभी करून टाकायचो.

दुसरी सवय चित्राची रुंदी-उंची टॅगमध्येच लिहायची. ती लिहिली की ब्राउझर जागा राखून ठेवतो, चित्र उशिरा आलं तरी मजकूर खाली ढकलला जात नाही. मोबाइल आल्यावर चित्रं स्क्रीनप्रमाणे लहान-मोठी करायची म्हणून लोकांनी हे आकडे काढून टाकले, आणि पानं पुन्हा उड्या मारू लागली. २०२०मध्ये गूगलने या उड्यांचंच माप पानाच्या गुणवत्तेत धरलं. तोवर ब्राउझरही त्या दोन आकड्यांवरून प्रमाण काढायला शिकले होते. आता नवशिक्यांना हेच ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणून शिकवतात, शिकवू देत.

पानं डेटाबेसमधून ऐनवेळी जुळवायची ती मधली वर्षं मी पटकन ओलांडते, मला ती कधी आवडलीच नाहीत. २००८मध्ये साध्या मजकुरातून तयार पानं बनवून देणारं जेकिल आलं, गिटहबने पानं फुकट ठेवायची सोय केली, आणि तयार फायलींना पुन्हा बरे दिवस आले.

युनिकोडमुळे मथळ्यांची चित्रं गेली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट खातं, पण सर्व्हरवर मजकूर दाबून पाठवणारं जीझिप चालू असलं की मजकुराचं ओझं वाटत नाही. खरं वजन आता फॉन्टचं. शिकायला येणारी मुलं एकाच फॉन्टची पाच-सहा वजनं लावतात. मी दोन ठेवायला लावते, तीही डब्ल्यूओएफएफ२ या दाबलेल्या फॉन्ट-प्रकारात. वर नको ती चिन्हं काढून फॉन्ट छाटायचा तर जपून. जोडाक्षरांच्या आकारांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नसतात, ते फॉन्टमधल्या नियमांनी जुळतात. ते नियम छाटणीत उडाले, की ‘पुस्तक’मधला स्त फुटतो आणि हलन्त स शेजारी त उभा राहतो.