मालगुजारीचे निर्मूलन आणि तलावांची वार्षिक कामे

जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, भातशेतीचा मोठा भाग गावतलावांवर अवलंबून होता. उन्हाळ्यात गाळ उपसणे, पावसाळ्यापूर्वी बांधावर माती टाकणे, सांडवा पाहणे, पाण्याची वाटणी करणे ही कामे ऋतुक्रमाने ठरलेली असत. ती करवून घेण्याचा भार बहुधा मालगुजारावर असे. गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्जात नोंदलेले असत. अशा रीतीने महसूल, सिंचन आणि निस्तार या तिन्ही व्यवस्था एकाच व्यक्तीपाशी गुंफल्या गेल्या होत्या.

मध्यप्रदेशच्या 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये 31 मार्च 1951 रोजी हे हक्क शासनाकडे आले. वेठ आणि जुलूम यांचा इतिहास पाहता हे निर्मूलन न्याय्यच होते. परंतु हक्क एका कलमाने काढून घेता येतो. त्यास जोडलेले कर्तव्य तसे नाहीसे होत नाही. सारावसुलीस नवी यंत्रणा तत्काळ लाभली. बांधाच्या वार्षिक डागडुजीस तितकी निश्चित यंत्रणा लाभली नाही. पुढे 1956 मध्ये हा जिल्हा मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. दरम्यान अनेक तलाव गाळाने भरत गेले.

जुने पद रद्द करण्यापूर्वी त्याच्या आधाराने कोणती कामे, कोणत्या महिन्यात आणि कोणासाठी चालतात, याची मोजदाद आवश्यक असते. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे सरकारी दप्तरातील नाव त्या राहून गेलेल्या मोजदादीचीच साक्ष देते.