घोड्यावरचं दुखणं



वेसवीहून फेरीबोटीनं बाणकोटची खाडी ओलांडली की आपण बागमांडल्याला उतरतो. तिथून पुढे श्रीवर्धन, पेशव्यांचं मूळ गाव. खाडीच्या अलीकडे आपलं वेळास. आज ते कासवांसाठी ओळखलं जातं, पण नाना फडणविसांचं घराणंही तिथलंच. म्हणून पेशवाईची गोष्ट आपल्याला परकी नाही. आज आम्ही त्यातल्या एका आजारी माणसाची गोष्ट सांगणार आहोत.

१७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा माधवराव गादीवर आला. डोक्यावर कर्ज, एकीकडे निजाम, दुसरीकडे हैदर आणि घरात चुलते राघोबादादांशी भांडण. तरी १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला. हैदरावर तर माधवराव स्वतः तीनदा कर्नाटकात चालून गेले.

तेव्हाची मोहीम म्हणजे दसऱ्याला शिलंगण करून निघायचं आणि महिनोन् महिने घोड्यावर राहायचं. घोड्यावर माणूस नुसता बसलेला नसतो. मांड्या आवळून, कंबर आणि पाठ सावरून त्याला सतत तोल धरावा लागतो. धडधाकट माणूसही संध्याकाळी मोडून जातो. माधवरावांच्या अंगात तर क्षय शिरला होता. त्याला राजयक्ष्मा म्हणत. संध्याकाळी ताप चढतो, रात्री घाम फुटतो, खोकला सुटत नाही, वजन उतरत जातं. पण हे खालून पाहणाऱ्याला काय कळणार? खोगिरावर ताठ बसलेला माणूस बराच दिसतो.

१७७० मध्ये मात्र शरीरानं साथ सोडली. हैदरावरची मोहीम त्रिंबकराव पेठ्यांवर सोपवून माधवरावांना परतावं लागलं. पुढच्या वर्षी पेठ्यांनी मोतीतलावाजवळ हैदराला हरवलं. म्हणजे धनी घोड्यावरून उतरला तरी काम थांबलं नाही. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला, चिंतामणीच्या देवळात माधवराव गेले. वय अवघं सत्तावीस. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. एका दुखण्यानं दोन तरुण जीव नेले. त्या सतीचा गौरव आम्ही करणार नाही, हळहळ मात्र वाटते.

माधवरावांच्या जिद्दीचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकलं. पण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती, हेही लक्षात घेऊ या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये दाखवला, म्हणजे त्यांच्यानंतर एकशे दहा वर्षांनी. त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. पेशव्याच्या खजिन्यात जे मिळालं नसतं, ते आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

आणि तरी आम्ही काय करतो? ताप अंगावर काढून लावणीला उतरतो. खोकला पदराआड दाबतो, कारण लोक काय म्हणतील, मुलीचं लग्न अडेल. रक्त कमी असो, साखर असो, थायरॉईड असो, बाहेरून दिसत नाही म्हणून घरचे म्हणतात, "तुला काय झालंय?" आणि आम्हीही म्हणतो, "काही नाही."

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासायला द्या. आशाताईला सांगा, ती वाट दाखवेल. साध्या क्षयाला साधारण सहा महिने गोळ्या लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. उपचार चालू असताना पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात.

गटातली एखादी बसली तर तिच्या वाटणीचं काम चार दिवस आपण उचलू. माधवरावांचं काम पेठ्यांनी उचललंच ना!