काखेतला कळसा

दिवाळीच्या सुटीत मुंबईकराकडे गावाहून पाहुणे आले, की भायखळ्याच्या राणीच्या बागेचा बेत ठरलेलाच असतो. डबे भरले जातात, मुलांना चारचारदा बजावले जाते, आणि सारे बिऱ्हाड दारातून आत शिरते ते थेट पिंजऱ्यांच्या दिशेने. २०१७ सालापासून तिथे पेंग्विन पाहायला मिळू लागले, तेव्हापासून तर पावले अधिकच घाईने पडतात. दाराजवळच्या जुन्या, देखण्या इमारतीकडे बोट करून पाहुणा विचारतो, "हे काय हो?" यजमान सांगतो, "ते होय? ते म्युझियम," आणि पुढे चालू लागतो.

हाच यजमान हैदराबादेस गेला म्हणजे सालारजंगाचा संग्रह पाहिल्यावाचून परतत नाही. तिकीट काढतो, भिंतीवरची पाटीन् पाटी वाचतो. परगावी माणसाला दोन डोळे जास्त फुटतात आणि घरी आल्यावर ते मिटतात. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. म्हणून वर्षातून एखादा दिवस तरी माणसाने आपल्याच गावात प्रवासी होऊन हिंडावे. मुंबईकराला त्यासाठी राणीच्या बागेतल्या या वास्तूसारखी दुसरी जागा मिळायची नाही.

या संग्रहालयाचा जन्मच मुळी परक्याला दाखवण्याच्या हौसेतून झाला. १८५१ साली लंडनला जगातल्या मालाचे मोठे प्रदर्शन भरले, १८५५ साली पॅरिसला भरले. त्या निमित्ताने मुंबई इलाख्यातून नाना जिन्नस गोळा करण्यात आले, आणि येथे राहिलेल्या नमुन्यांचा संग्रह कोटातल्या लष्करी बराकीत मांडला गेला. त्यात इतिहासाचे प्रेम बेताचेच होते. या देशात काय पिकते, काय विणले जाते आणि काय विकत घेण्याजोगे आहे, हे व्यापाऱ्याला एका जागी दिसावे, एवढाच हेतू. पुढे १८५७ चे बंड उसळले. बराकी फौजेला हव्या झाल्या, संग्रह घाईघाईने हलवावा लागला आणि त्यात बरीच नासधूस झाली.

येथपर्यंतची गोष्ट सरकारची. पुढची गावाची आहे. १८५८ नंतर संग्रहालयासाठी स्वतंत्र इमारत बांधण्याची चळवळ सुरू झाली. तिच्यात जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टराच्या बरोबरीने नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे दोघे पुढे होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते डॉक्टर. दिवसा रोग्यांच्या नाड्या पाहाव्यात आणि उरल्या वेळात अजिंठ्याचे शिलालेख वाचावेत, असा हा विलक्षण माणूस. त्यांनी वर्गणीसाठी खटपट केली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी पायाचा दगड बसला. तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईच्या हाती पैसा खेळत होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आणि बांधकाम रेंगाळले. त्याच वर्षी नाना शंकरशेट वारले. इमारत पुरी होऊन २ मे १८७२ रोजी दारे उघडली, ती पाहायला नाना नव्हते. भाऊ दाजींनाही पुढे दोनच वर्षे लाभली.

आत शिरताच थाट दिसतो तो विलायती. ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी नक्षी, रंगीत फरश्या आणि मधोमध राणीच्या नवऱ्याचा संगमरवरी पुतळा. पण खरी मौज काचेच्या कपाटांत आहे. तेथे निरनिराळ्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या माणसांच्या छोट्या मातीच्या प्रतिमा मांडल्या आहेत. कोणाच्या डोक्यावर कसली पगडी, कोणाचे काय अवजार, सारे बारकाईने घडवलेले. त्या पाहताना प्रथम गंमत वाटते आणि मग मन जरा चरकते. ही माणसे कोणाला दाखवण्यासाठी केली? आपले पणजोबा जिवंतपणी कोणाच्या तरी लेखी कपाटातला नमुनाच होते की काय?

प्रश्न खोटा नाही. नमुने करून मांडणारी नजर राज्यकर्त्याची होती. परंतु घर उभे राहावे म्हणून झटले ते नाना आणि भाऊ. आपल्या लोकांनी येथे यावे, पाहावे आणि शहाणे व्हावे, ही त्यांची आस होती. तेव्हा एकाच कपाटाकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. साहेबाला तेथे 'हे लोक' दिसत; आपल्याला 'आपले लोक' दिसले पाहिजेत. प्रवाशाचे कुतूहल आणि घरच्याचा जिव्हाळा, दोन्ही लागतात. त्यातले एकच घेऊन गेले, तर पाहणे अर्धेच राहते.

इमारतीबाहेरचा दगडी हत्तीही पाहावा. घारापुरीच्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले ते याच्यावरून. १८१४ साली त्याची मान ढासळली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. पण उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत येऊन पडले, आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. सांधे दिसतात, पण तो गावातच राहिला.

१९७५ साली या संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले. मध्यंतरी त्याला फार वाईट दिवस आले होते. २००३ पासून पाच वर्षे खपून कारागिरांनी त्याला पूर्वीचे तेज आणले, आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्या कामाचा गौरवही केला. खांब उजळले, काचा लख्ख झाल्या. पण एक काम कारागिरांच्या हातचे नव्हे. कपाटाखालच्या पाटीवर वस्तूचे नाव असते. ती हातात कशी धरत, ती वापरणाऱ्याला घरी काय म्हणत, हे पाटीला ठाऊक नसते. ते ज्यांना ठाऊक आहे, अशी माणसे अजून कोणाकोणाच्या घरी आहेत. या सुटीत मुलांना संग्रहालयात न्याल तेव्हा आजीलाही बरोबर न्या. तिला चालवत नसेल, तर बाके आहेत. कपाटापाशी ती थांबली, की घाई करू नका.