अटक वॉरंटची नोंद : अमेरिकेच्या ग्रामीण कौंटीत शोध कसा घेतला जातो?

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील कॉफी कौंटीत ७ जुलै २००४ रोजी बेनी डीन हेरिंग नावाचा इसम शेरीफच्या कार्यालयात गेला. जप्त झालेल्या आपल्या ट्रकमधील काही वस्तू त्याला परत घ्यायच्या होत्या. तेथील तपास अधिकाऱ्याने त्याला ओळखले आणि त्याच्या नावे वॉरंट आहे काय, अशी विचारणा वॉरंट विभागाच्या लिपिकाकडे केली. कॉफी कौंटीत अशी नोंद नव्हती. शेजारच्या डेल कौंटीत दूरध्वनी केला असता, न्यायालयात हजर न राहिल्याबद्दल त्याच्या नावे वॉरंट जारी असल्याचे तेथील संगणकाने दाखविले.

हेरिंगला लगेच अटक झाली. झडतीत त्याच्या खिशात मेथॲम्फेटामाइन हा अमली पदार्थ आणि वाहनात पिस्तूल सापडले. दरम्यान डेल कौंटीतील कर्मचारी वॉरंटची कागदी प्रत फॅक्सने पाठविण्यासाठी शोधू लागली, तेव्हा ती प्रत दप्तरात नव्हती. न्यायालयात चौकशी करता, वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच मागे घेण्यात आल्याचे उघड झाले. हा सर्व उलगडा अवघ्या दहा ते पंधरा मिनिटांत झाला. परंतु तोपर्यंत अटक आणि झडती होऊन गेली होती.

सार्वजनिक नोंदींत वॉरंट शोधणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही घटना आहे. वॉरंट हा न्यायालयाचा आदेश असतो. संगणकावर दिसते ती त्या आदेशाची नोंद, आणि ती नोंद शिळी असू शकते.

कौंटी आणि शेरीफ

कौंटी हा अमेरिकेतील राज्याखालचा प्रशासकीय घटक असून देशात अशा तीन हजारांहून अधिक कौंटी आहेत. लुइझियाना राज्यात त्यांना पॅरिश, तर अलास्कात बरो म्हणतात. मुंबईचे शेरीफपद मानाचे आहे. अमेरिकेतील शेरीफ मात्र बहुतेक राज्यांत मतदारांनी निवडून दिलेला कायदा-अंमलबजावणी अधिकारी असतो. कौंटीचा तुरुंग चालविणे आणि वॉरंटची बजावणी करणे ही कामे सामान्यतः त्याच्याकडे असतात.

वॉरंट काढण्याचा अधिकार मात्र शेरीफला नाही. १७९१ मध्ये संमत झालेल्या अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीनुसार, शपथेवर मांडलेले सबळ कारण असल्याखेरीज वॉरंट काढता येत नाही. गुन्ह्याच्या आरोपावरून काढलेले ते अटक वॉरंट. तारखेला हजर न राहणे किंवा न्यायालयाचा आदेश न पाळणे यावरून न्यायाधीश स्वतः काढतात ते ‘बेंच वॉरंट’. काही राज्यांत त्यास ‘केपियस’ असेही म्हणतात. साधारणपणे असे वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा न्यायालयाने मागे घेईपर्यंत जिवंत राहते. त्यामुळे वर्षानुवर्षे विस्मृतीत गेलेले वॉरंटही अचानक समोर येऊ शकते.

नोंद कोठे असते?

एकाच वॉरंटची नोंद किमान दोन ठिकाणी असते. मूळ आदेश न्यायालयाच्या दप्तरात असतो आणि बजावणीसाठीची नोंद शेरीफकडे असते. याशिवाय राज्याच्या पोलीस यंत्रणेचा माहितीसाठा असतो. राष्ट्रीय पातळीवर एफबीआयचे राष्ट्रीय गुन्हे माहिती केंद्र १९६७ पासून कार्यरत आहे. ते पोलीस व न्याययंत्रणेसाठी असून सामान्य नागरिकास खुले नाही. शिवाय कौंटीतील प्रत्येक किरकोळ वॉरंट तेथे नोंदविलेले असतेच असे नाही.

सार्वजनिक नोंदींबाबत राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत. विस्कॉन्सिन व मिसुरी या राज्यांच्या न्यायव्यवस्था खटल्यांची माहिती संकेतस्थळावर विनामूल्य देतात. अलाबामात राज्यभरातील खटल्यांची माहिती संगणकावर मिळते, परंतु त्यासाठी शुल्क द्यावे लागते. फ्लोरिडात बजावणी होईपर्यंत अटक वॉरंटची न्यायालयातील प्रत गोपनीय ठेवली जाते. त्याच राज्याचा कायदा-अंमलबजावणी विभाग मात्र हव्या असलेल्या व्यक्तींची यादी प्रसिद्ध करतो. संबंधित स्थानिक यंत्रणेकडून खात्री केल्याशिवाय यादीवर विसंबू नये, अशी सूचनाही तो देतो.

संघीय न्यायालयांचे दप्तर पूर्णतः वेगळे आहे. कौंटीच्या नोंदींत नाव नसले, तरी संघीय न्यायालयाचे वॉरंट नाही असा अर्थ होत नाही.

शोधाची रीत

पहिली पायरी म्हणजे कौंटी निश्चित करणे. वॉरंट राहत्या गावाच्या नव्हे, तर खटला जेथे चालू आहे त्या कौंटीच्या न्यायालयातून निघते. महामार्गावर मिळालेल्या वाहतूक नोटिशीवर कौंटी व न्यायालय यांचा उल्लेख असतो. तो आधी पाहावा. कॉफी कौंटीसारख्या ठिकाणी एंटरप्राइज आणि एल्बा अशी मुख्यालयाची दोन गावे आहेत. अशा वेळी खटला कोणत्या कचेरीत आहे, हेही पाहावे लागते. लहान शहरांची स्वतंत्र नगर न्यायालयेही असतात आणि त्यांच्या नोंदी कौंटीच्या यादीत सापडतीलच असे नाही.

दुसरी पायरी नावाची. केवळ नावावरून मिळालेली नोंद पुरेशी नसते. जन्मतारीख व खटला क्रमांक जुळवून पाहावे लागतात. मराठी नावांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. वडिलांचे नाव कधी मधल्या रकान्यात, तर कधी पहिल्या नावाला जोडून नोंदविले जाते. आडनावाचे रोमन लिपीतील लेखनही एकसारखे नसते. म्हणून शोध घेताना नावाची सर्व संभाव्य रूपे तपासावीत.

तिसरी आणि निर्णायक पायरी म्हणजे न्यायालयाच्या लिपिकाकडे केलेली चौकशी. ग्रामीण कौंटीत संकेतस्थळ अपुरे असले, तरी लिपिकाचे कार्यालय असते आणि खटल्याची मूळ नोंदवही तेथेच असते. वॉरंट निघाले काय, ते मागे घेतले काय आणि पुढची तारीख कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे तेथे मिळवावीत. वॉरंट रद्द झाले असल्यास त्या आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ती जवळ बाळगणे हितावह ठरते.

शेरीफच्या कार्यालयातही विचारता येते. परंतु स्वतःच्याच नावाची चौकशी करण्यास प्रत्यक्ष गेलेल्या व्यक्तीस, वॉरंट जारी असल्यास, तेथेच अटक होऊ शकते. म्हणून आधी वकिलामार्फत चौकशी करणे आणि वॉरंट असल्यास ते मागे घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

फसवणुकीपासून सावधानता

पैसे घेऊन ‘वॉरंटची संपूर्ण माहिती’ देणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. ती सरकारी नसतात आणि त्यांच्याकडील माहिती जुनी असू शकते. शेरीफच्या कार्यालयातून बोलत असल्याचे भासवून वॉरंटची भीती घालणारे भामटेही आहेत. ज्युरीच्या कामास हजर न राहिल्याचे कारण सांगून ते भेटकार्डाद्वारे दंड मागतात. कोणतेही न्यायालय भेटकार्डावर दंड स्वीकारत नाही. असा दूरध्वनी आल्यास तो बंद करून, न्यायालयाचा अधिकृत क्रमांक स्वतः शोधून खात्री करावी.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

हेरिंगचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जानेवारी २००९ रोजी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने त्याच्या विरोधात निर्णय दिला. चूक हेतुपुरस्सर नव्हती आणि ती अटकेपासून दूर अंतरावरील निष्काळजीपणातून घडली होती. म्हणून झडतीत मिळालेला पुरावा बाद करता येणार नाही, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताच्या निकालपत्रात म्हटले. परस्परांशी जोडलेल्या माहितीसाठ्यांतील चुका व्यक्तिस्वातंत्र्यास गंभीर धोका निर्माण करतात, असे मत न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी असहमतीच्या निकालपत्रात मांडले.

या धोक्याची व्याप्ती २०१६ च्या ‘युटा विरुद्ध स्ट्रीफ’ या खटल्यात पुढे आली. देशातील माहितीसाठ्यांत ७८ लाखांहून अधिक वॉरंट प्रलंबित असून त्यांपैकी बहुतांश किरकोळ गुन्ह्यांची दिसतात, याकडे न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर यांनी आपल्या असहमतीत लक्ष वेधले होते.

भारतीय नागरिकांसाठी

अमेरिकेत शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या भारतीयांनी वाहतुकीची नोटीसही दुर्लक्षू नये. काही ठिकाणी तारखेस हजर न राहिल्यास वॉरंट निघू शकते आणि अमेरिकी व्हिसाच्या अर्जात पूर्वीच्या अटकेविषयी प्रश्न विचारला जातो. अटक झालीच, तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार भारतीय वकिलातीस कळविण्याची मागणी करता येते.

भारतातही तत्त्व हेच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ नुसार, न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट अमलात राहते. ई-कोर्ट्स सेवेवर खटल्याची स्थिती पाहता येते, पण अंतिम खात्री वॉरंट काढणाऱ्या न्यायालयातच करावी लागते. डेल कौंटीतील संगणक जे पाच महिने चुकीचे दाखवीत होता, ते न्यायालयात केलेल्या एका चौकशीने काही मिनिटांत स्पष्ट झाले होते.